खडी झालेला गड

गड कसा पडतो, हे मराठी माणसाला निराळे सांगायला नको. वेढा पडतो, दाणागोटा संपतो, नाही तर फितुरीने दरवाजा उघडतो. पण आज तुम्हांला अशा एका गडाची हकीकत सांगायची आहे, की जो शत्रूने घेतला म्हणून नाहीसा झाला नाही. त्याची खडी झाली!

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, अगदी समुद्राला लागून, पेनमाइनमाउर नावाचा डोंगर आहे. वेल्श भाषेत ‘पेन’ म्हणजे डोके, ‘माइन’ म्हणजे दगड आणि ‘माउर’ म्हणजे मोठा. सुमारे दीड हजार फूट उंचीच्या त्याच्या माथ्यावर ब्राइख-अ-दिनास हा लोहयुगातला किल्ला होता. चुना नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड रचून तट घातलेले, आणि आत घरांची गोल जोती. रोमन अंमलातही तेथे वस्ती होती, हे सापडलेल्या खापऱ्यांवरून कळते. अठराव्या शतकात थॉमस पेनंट या प्रवाशाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे शतकानुशतके ओस पडूनही तट उभेच होते.

मग त्यांना धक्का लागला कशाने? तर कारखान्यांच्या शहरांनी. लँकेशरमधल्या वाढत्या गावांना फरसबंदीसाठी टणक चिरे हवे होते, आणि या डोंगराचा अग्निजन्य दगड मोठा चिवट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे खाणी सुरू झाल्या. चिरे जहाजांतून जात. १८४८ मध्ये डोंगराच्या पायथ्याने आगगाडी आली. पुढे रुळांखाली घालायलाही इथलीच खडी जाऊ लागली. खाणीमुळे पायथ्याशी गाव वसले, घराघरांत चूल पेटली. तेव्हा खाणवाल्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही, हेही खरं.

पण सुरुंग वर वर सरकत होते. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा ब्रिटनमध्ये १८८२ सालीच झाला होता. या किल्ल्याला तो वाचवू शकला नाही. हॅरॉल्ड ह्यूज यांनी १९१२ च्या सुमारास तेथे उत्खनन केले, घरांची मापे घेतली, नकाशे काढले. १९२० नंतरच्या दशकात उरलेसुरले अवशेषही गेले, आणि ज्या माथ्यावर ते उभे होते तो माथाही गेला.

यातली एक गोष्ट फार लागते. १९१९ मध्ये याच डोंगराच्या अंगावर, ग्राइग लुइड येथे, हॅझलडीन वॉरन यांना नवाश्मयुगातला कुऱ्हाडी घडवण्याचा कारखाना सापडला. इथल्या दगडाच्या कुऱ्हाडी पार दक्षिण इंग्लंडपर्यंत गेलेल्या आहेत. म्हणजे दगड काढणं इथं नवीन नव्हतं. पाच हजार वर्षांपूर्वीही माणसं तेच करीत होती. फरक एवढाच, की त्यांच्या हातांनी डोंगर संपला नाही.

आज ब्राइख-अ-दिनास पाहायचा, तर ह्यूज यांच्या नकाशांतच पाहावा लागतो. दगड तर सगळ्यांनाच लागतो. तुमच्या-आमच्या घराच्या पायातही तो आहेच. पण तुमच्या गावाशेजारची टेकडी फुटायला लागली, तर वर काय आहे ते आधी एकदा चढून बघा. निदान मापे तरी घेऊन ठेवा. सुरुंग उडाल्यावर मोजायला काही राहत नाही.