बंद म्हणजे किती बंद?

नळ टपटपू लागला की आपण वायसर बदलतो. पण नळ 'बंद' आहे असे नेमके कधी म्हणायचे? या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याचा इतिहास फार जुना नाही.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दारे बसवली. पूर ठरावीक पातळीवर चढला की ती आपोआप उघडत, उतरला की मिटत. अशा दाराच्या कडेने थोडे पाणी झिरपले तरी ते मुठेतच जाते. फारसे बिघडत नाही.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनची बुरशी मोठ्या टाक्यांत, इतर जंतूंना मज्जाव करून वाढवावी लागते. काही जीवाणू पेनिसिलिन नष्ट करणारे विकर बनवतात. गळक्या व्हॉल्व्हमधून ते आत शिरले, तर सगळा घाणा वाया जाऊ शकतो. म्हणून अशा कारखान्यांत दोन व्हॉल्व्हच्या मधल्या नळीत वाफ खेळती ठेवतात. व्हॉल्व्ह गळलाच तर आत वाफ जावी, जंतू नव्हेत! म्हणजे गळती किती, याइतकेच ती कशाची, हेही महत्त्वाचे.

मग गळती शून्यच का करू नये? धातू कितीही घासला तरी सूक्ष्म खाचखळगे उरतात. रबर किंवा टेफ्लॉन ते भरून काढतात, पण फार उष्णता सोसत नाहीत. तेव्हा किती गळती चालेल, हे आधीच ठरवणे बरे. अमेरिकेत १९७६ साली नियंत्रक व्हॉल्व्हसाठी सहा वर्गांचे मानक आले. चाचणीच्या दाबाखाली पूर्ण उघडा असताना तासाला १,००,००० लिटर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह घेऊ. बंद केल्यावर दुसऱ्या वर्गात ०.५ टक्के, म्हणजे ५०० लिटर गळती चालते. चौथ्या वर्गात ०.०१ टक्के, म्हणजे फक्त १० लिटर. सहाव्या वर्गात हवेचे बुडबुडे मोजतात: २ इंची व्हॉल्व्हला मिनिटाला ३.

पण हे आकडे चाचणीच्या वेळचे. वापरात व्हॉल्व्ह झिजतो. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा विझला, तो केवळ बंद होण्याचा संदेश गेला म्हणून. पुढच्या नळीचे तापमान वाढलेले दिसत होते. पण हा व्हॉल्व्ह आधीपासूनच गळत असल्याने कोणाला त्याचे नवल वाटले नाही. सुमारे २ तास २० मिनिटे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. सवयीच्या गळतीने धोक्याची खूणच झाकली होती.

शाळेतला गळका नळ मुलांना मोजायला द्या. साधारण १६ थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर मिनिटाला १२ थेंब म्हणजे दिवसाला सुमारे १ लिटर. नळ बंद आहे का, असे विचारण्याऐवजी किती बंद आहे, असे विचारायला मुले आपोआप शिकतील.