माड आणि मुद्दल

गेल्या वैशाखात आमच्या मालवणच्या घरी एक लहानशी सभा भरली. सभासद तीनच: मुंबईहून आलेले दादा, मी, आणि ओटीवर सुपारी कातरीत बसलेली आई. वडील जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या नोकरीची शिल्लक आईच्या नावे आली होती. दादांचे म्हणणे असे की, परसातले चौदा माड जमिनीसकट विकावे, ती रक्कम शिलकीत मिळवावी आणि सारी पुंजी सर्वांत जास्त व्याज देणाऱ्या एकाच पेढीत ठेवावी. आई एवढेच म्हणाली, "माका कोणाकडे हात पसरूचो नाय."

मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. व्यवहारात माझा शब्द घरात फारसा चालत नाही. पण त्या दिवशी मला नाशिकची पांडवलेणी आठवली. मुलांची सहल घेऊन मी तिथे गेलो होतो. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यातले 42 हे वर्ष शककालातले धरले, तर तो इसवी सन 120 च्या सुमाराचा ठरतो.

उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण दिले. पण ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे त्याने 2,000 ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी की, मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे खायचे. आता वाचकहो, पाटीवर हिशेब मांडून पाहा. 2,000 चे वर्षाचे व्याज 240. भिक्षू वीस. प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण, असे लेखातच म्हटले आहे! आधी गरज मोजली आणि तिच्या मापाने मुद्दल ठेवले.

आम्हां कोकणच्या माणसांना आवडावी अशी गोष्ट पुढेच आहे. याच लेखात चिखलपद्र गावच्या 8,000 माडांचेही दान आहे. म्हणजे नगद श्रेणीकडे आणि माड जमिनीत, अशी दोन्हीकडे तरतूद. शिवाय हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर नोंदवले.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली 13,000 हून अधिक नाणी सापडली; त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने नहपानाच्या शिक्क्यावर आपला शिक्का मारलेला आहे. राजाचा शिक्का असा एका पिढीत पुसला जातो. माडाला मात्र राज्य कुणाचे ते ठाऊक नसते. सहा-सात वर्षांनी तो धरू लागतो आणि साठ वर्षे देत राहतो.

शे-सव्वाशे वर्षांनी त्याच लेण्यांत विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेव ठेवली. तिने ती वाटून ठेवली: काही कुंभारांकडे, काही पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे, काही तेल्यांकडे. एका धंद्याला वाईट दिवस आले, तरी औषध थांबू नये!

हे शहाणपण आमच्या घरात नव्हते असे नाही. ते उशिरा आले, एवढेच. माझ्या एका आत्याने पाटल्या मोडून सगळे पैसे जादा व्याजाच्या लोभाने एका पतपेढीत ठेवले होते. व्याज दोन वर्षे आले, मग पेढीच्या दाराला कुलूप लागले. बँकांतल्या ठेवींना 1962 पासून विम्याचे छत्र आहे. तेव्हा ते माणशी 1,500 रुपयांपुरते होते, 2020 पासून एका बँकेत पाच लाखांपर्यंत झाले. पतपेढ्यांना ते छत्र नाही. आत्याला हे कुणी सांगितले नव्हते, आणि विचारायचे असते हे तिला माहीत नव्हते. शेवटची वर्षे तिने भाच्यांच्या दारी काढली. आईने ते पाहिले होते.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला महिन्याला लागते किती, ते तरी आधी विचारू या." तेव्हा कुठे खरी सभा सुरू झाली.

ठरले ते असे: मोठा भाग पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत, तिचे व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. काही रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत, विम्याच्या मर्यादेत. थोडी खात्यावर, दुखण्याखुपण्यासाठी. आणि माड परसात, जिथे आहेत तिथे. व्याज थोडे कमी बसते, हे दादांनी बोलून दाखवले. ते खरेही आहे. कमी पडलेले ते व्याज म्हणजे रात्रीच्या झोपेची किंमत, असे मी धरतो.

आईने सारे वहीत लिहायला लावले आणि आम्हां दोघांना मोठ्याने वाचायला सांगितले. निगमसभेची गोष्ट मी तिला तोवर सांगितलीही नव्हती.

या दिवाळीत चावदिसाच्या पोह्यांवर पडेल तो नारळ आमच्या परसातला असेल. आणि नातवंडांच्या हातावर ठेवायची ओवाळणी आईच्या स्वतःच्या व्याजातली.