वारली चित्राचा मालक कोण?

१/
बोळिंजमधील एखाद्या गृहसंकुलाने आपल्या कुंपणभिंतीवर तारप्याभोवती फेर धरलेल्या आकृत्या रंगवायचे ठरवले, तर परवानगी कोणाची घ्यावी? ही कला जेथे वाढली ते डहाणू-तलासरीकडील वारली पाडे याच पालघर जिल्ह्यात, उत्तरेला आहेत. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर दोन वेगवेगळ्या कायद्यांत विभागलेले आहे आणि दोन्ही मिळूनही ते पुरे पडत नाही.

२/
हे चित्र मुळात विक्रीसाठी नव्हतेच. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. चौकात पालघट देवीची स्थापना होई आणि धवलेरी लग्नाची गाणी गाई. लग्न पार पडले की चित्राचे प्रयोजन संपे. त्याखाली कोणाचीही सही नसे.

३/
१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोहोचले. त्याआधी पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने त्यांनी दुष्काळग्रस्त मिथिलेत भिंतीवरील चित्रे कागदावर उतरवून घेतली होती. इकडेही तोच प्रयोग झाला आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर आल्यावर चित्राला किंमत आली, सहीही आली. मात्र स्त्रियांच्या हातची ही विद्या बाजारात प्रामुख्याने पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

४/
कॉपीराइटचा कायदा या सहीपासूनच सुरू होतो. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली. मशे यांचे निधन मे २०१८ मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २०७८ च्या अखेरपर्यंत राहील. चित्र विकत घेणाऱ्याकडे कागद येतो, ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो.

५/
तथापि हा कायदा विशिष्ट कृतीला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. कल्पना किंवा विषय यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण आणि वर वर्तुळाचे डोके ही वारली मनुष्याकृती म्हणूनच कोणालाही काढता येते. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाची जाहिरातमोहीमही याच शैलीत झळकली होती.

६/
समूहाच्या वारशासाठी दुसरा कायदा आहे: १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा, म्हणजेच जीआयचा. तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नाने वारली चित्रकलेला २०१४ मध्ये, म्हणजे पालघर जिल्हा अस्तित्वात आला त्याच वर्षी, हे मानांकन मिळाले. ते कोणाला विकता येत नाही आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते. खोटे मानांकन लावून माल विकल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

७/
जीआयची मर्यादा कोल्हापुरी चपलेने दाखवून दिली. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले होते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला 'कोल्हापुरी' हे नाव न घेता सादर केल्या. जीआय मुख्यतः नावाचे रक्षण करते, रूपाचे नाही. या प्रकरणातील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. नोंदीबाहेर राहिलेल्या वारली चित्रकारासाठीही यात इशारा आहे: अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल, तर मानांकन आपले असूनही दाद मागणे अवघड जाते.

८/
कायदा याहून वेगळा असू शकतो. पनामाने २००० मध्ये आदिवासी समूहांच्या सामूहिक बौद्धिक हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला. गुना स्त्रियांच्या 'मोला' या कापडकलेला त्याखाली संरक्षण मिळाले. तेथे हक्क समूहाचा मानला जातो, एकट्या कर्त्याचे नाव शोधावे लागत नाही.

९/
आता बोळिंजची भिंत. वारली शैलीत चित्र काढण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पण इंटरनेटवर सापडलेले एखाद्या चित्रकाराचे चित्र जसेच्या तसे मोठे करून रंगवणे हा हक्कभंग ठरू शकतो. वारली कलाकाराला बोलावून योग्य मोबदला देणे आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्याचे किंवा तिचे नाव लिहिणे हा सरळ मार्ग. कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाने दिला आहे आणि तो कॉपीराइट विकल्यानंतरही उरतो. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवासिणींची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. आज भिंत रंगवणारीचे नाव मात्र लिहिता येते.