वणव्याविरुद्धची लढाई अंगणातूनच

अमेरिकेतील एखाद्या लहान गावात अपरात्री घराला आग लागली, तर बंब घेऊन धावत येणारे जवान दिवसा शेती करणारे, शाळेत शिकवणारे किंवा गॅरेज चालवणारे असण्याचीच शक्यता अधिक. ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’च्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये त्या देशातील सुमारे ६५ टक्के अग्निशामक जवान स्वयंसेवक होते. महानगरांत पगारी दले असतात. लहान गावांची भिस्त मात्र गावकऱ्यांवरच असते. या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी वणव्याच्या वेळी ठळकपणे समोर येतात.

बादलीपासून पेजरपर्यंत

या परंपरेचा आरंभ बराच जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये फिलाडेल्फिया येथे ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. आग विझवण्यासाठी कातडी बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी पिशव्या सभासदांनी स्वतःच्या घरी सज्ज ठेवायच्या, असा तिचा नियम होता. आज मदतीची हाक ९११ या क्रमांकावर दिली जाते. या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल गावात झाला.

नियंत्रण कक्षाकडून पेजर किंवा मोबाइलवर सूचना येताच स्वयंसेवक हातातील काम टाकून अग्निशमन केंद्र गाठतात, संरक्षक पोशाख चढवतात आणि बंब बाहेर काढतात. विरळ वस्तीच्या भागात सूचना मिळाल्यापासून १४ मिनिटांत किमान सहा जवान घटनास्थळी असावेत आणि दहापैकी आठ वेळा तरी हे साधावे, असे या दलांसाठीचे मानक सांगते. अनेक ठिकाणी रस्त्यावर पाण्याची जोडणी नसते. अशा वेळी टँकरने पाणी आणून घडीच्या टाक्यांत ओततात किंवा जवळच्या तळ्यातून उपसतात.

हाका वाढल्या, हात घटले

अग्निशामक दलाचे मुख्य काम आग विझवणे, हा समज आकडेवारी खोटा ठरवते. २०२० मध्ये अमेरिकेतील सर्व दलांकडे मिळून सुमारे ३ कोटी ६४ लाख कॉल आले. त्यांत प्रत्यक्ष आगीचे कॉल शंभरात चारच्या आसपास होते. जवळजवळ दोन तृतीयांश कॉल हृदयविकार, अपघात यांसारख्या वैद्यकीय मदतीचे होते. उरलेल्यांत खोट्या इशाऱ्यांपासून वायुगळतीपर्यंत सर्व काही येते.

चिंतेची बाब वेगळीच आहे. १९८६ मध्ये एकूण कॉल १ कोटी १९ लाखांच्या घरात होते. म्हणजे साडेतीन दशकांत ते तिप्पट झाले. याउलट स्वयंसेवकांची संख्या १९८४ मधील सुमारे ८ लाख ९८ हजारांवरून २०२० मध्ये ६ लाख ७७ हजारांवर घसरली. नोकरीसाठी दूरवर जाणारी माणसे आणि प्रशिक्षणास लागणारा वेळ ही त्यामागील कारणे मानली जातात. शेजारच्या गावांनी परस्परांच्या मदतीस धावण्याचे करार असल्याने एरवी निभावून जाते. परंतु वणवा एकाच वेळी अनेक गावांना वेढतो, तेव्हा शेजारीही संकटातच असतो.

पॅरेडाइजचा धडा

कॅलिफोर्नियातील पॅरेडाइज या सुमारे २६ हजार वस्तीच्या गावाने हे अनुभवले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वीजवाहिनीतील बिघाडातून पेटलेला ‘कॅम्प फायर’ वणवा सोसाट्याच्या वाऱ्याने काही तासांतच गावात शिरला. ८५ जणांचा बळी गेला आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्या दिवशी घरे विझवण्यापेक्षा माणसे बाहेर काढण्यालाच जवानांना प्राधान्य द्यावे लागले. दारोदारी बंब उभा करणे कोणत्याही दलाला शक्य नव्हते.

मग घर वाचते कशाने? अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. कॅनडाच्या वायव्य भागात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून केलेल्या प्रयोगांत ज्वालांपासून १० मीटरवरील लाकडी भिंतींपैकी काही पेटल्या. २० आणि ३० मीटरवरील पेटल्या नाहीत. वणव्यात जळणारी बहुतेक घरे ज्वालांच्या लाटेने नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडून येणाऱ्या निखाऱ्यांनी आणि घराभोवती पसरलेल्या किरकोळ आगीने पेटतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. छपराच्या पन्हळीत साठलेला पालापाचोळा किंवा भिंतीलगत रचलेले सरपण निखाऱ्याला पुरेसे होते.

पाच, तीस आणि शंभर फूट

प्रतिबंधाचे नियम या अभ्यासावरच आधारले आहेत. घरापासून पाच फुटांपर्यंत जळण्याजोगे काहीही नसावे. तीस फुटांपर्यंत वाळलेले गवत काढावे आणि झाडे विरळ ठेवावीत. शंभर फुटांपर्यंत झुडपे व खालच्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे आग शेंड्यापर्यंत चढत नाही. वणवाप्रवण भागात शंभर फुटांची ही मोकळीक कॅलिफोर्नियात कायद्यानेच बंधनकारक आहे. वस्त्यांनी एकत्र येऊन हे काम करावे, यासाठी २००२ पासून ‘फायरवाइज’ उपक्रम राबवला जातो. गावोगावची दले घरांची पाहणी करतात, कचरा जाळण्याचे परवाने देतात आणि कोरड्या वाऱ्याचा इशारा मिळाल्यास अशा जाळण्यावर बंदी घालतात.

हे तत्त्व आपल्यालाही परके नाही. मेळघाटासारख्या जंगलांत उन्हाळ्यापूर्वी वन विभाग जाळरेषा काढतो, तो याच हेतूने. आगीला पुढे खाण्यास काही उरू नये, एवढेच त्यात पाहिले जाते. फरक इतकाच, की अमेरिकेतील गावांत ही रेषा प्रत्येकाला आपापल्या घराभोवती आखावी लागते. स्वयंसेवकाला पोहोचण्यास १४ मिनिटे लागतात. तेवढा वेळ घर तग धरणार की नाही, हे बहुधा घरमालकाने उन्हाळ्यापूर्वी केलेल्या साफसफाईवरच ठरते.