चांदमारी : निशाणामागच्या मातीचा इतिहास

मारेगावच्या काळ्या रानात वेचणी सुरू झाली की शेतात माणूस सहज दिसत नाही. कपाशीवर वाकलेल्या बायका तुरीच्या उंच ओळींआड झाकल्या जातात, बांधावर गुरे असतात आणि पांदणीने बैलगाडी येत असते. .22 बोअरच्या रायफलीची गोळी सहा मिलिमीटरहूनही बारीक असते. पण मोकळी सुटली तर ती दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. एवढ्या अंतरात किती शेजाऱ्यांचे धुरे ओलांडले जातात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. खेड्यातला मुलगा रायफल घेऊन जगाच्या व्यासपीठावर उभा राहिला, तेव्हा आपल्या वावरातच नेमबाजीचे मैदान का आखू नये, हा विचार अनेक तरुणांच्या मनात येणे स्वाभाविक होते. शेत आपले, बंदूक परवान्याची, मग अडचण कुठे? या प्रश्नाला दीड शतकाहून जुना इतिहास आहे, आणि त्यात बंदुकीपेक्षा शेजारीच अधिक बोलतो.

आपल्याकडे नेमबाजीच्या मैदानाला जुना शब्द आहे चांदमारी. फळीवर काढलेला गोल म्हणजे चांद, आणि त्याच्यावर मारा ती चांदमारी. छावणीच्या कडेला, वस्तीपासून लांब असा एखादा उतार निवडायचा, फळीमागे मातीचा उंच बांध घालायचा आणि गोळीबार चालू असेपर्यंत लाल निशाण फडकवत ठेवायचे, अशी ही पद्धत. सारी मदार त्या बांधावर. माती मऊ हवी, तीत दगड नको. कारण दगडावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेला उडेल ते नेमबाजाच्या हाती राहत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरूनही गोळी उसळते. म्हणूनच शेततळ्याकडे तोंड करून निशाण लावणे हा निव्वळ अविचार होय.

छावण्यांच्या भोवती शहरे वाढत गेली. वाराणसी, मोतिहारी, गुवाहाटी येथे आज चांदमारी हे वस्त्यांचे नाव आहे. नागपुरातही ते ऐकू येते. गोळीबाराचा आवाज विरला, नाव तेवढे राहिले.

शेजाऱ्यापुढे मैदानाने माघार घेतल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र इंग्लंडमधले आहे. 1859 मध्ये तेथे नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या माळावर पहिल्या स्पर्धेची पहिली गोळी खुद्द राणी व्हिक्टोरिया यांनी झाडली. रायफल यंत्रात घट्ट बसवलेली होती, राणींनी फक्त दोरी ओढली. तीसएक वर्षांत माळाभोवती घरे उभी राहिली. शेजारच्या जमिनीचे एक मालक होते केंब्रिजचे ड्यूक. भरकटलेल्या गोळ्यांची तक्रार त्यांनीही केली, आणि त्या काळी ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती तेच होते! 1890 पासून स्पर्धा बिस्ली येथे हलवल्या गेल्या. बंदुकीचा सर्वांत मोठा पाठीराखाही स्वतःच्या कुंपणापाशी आला की केवळ शेजारी असतो.

पण तक्रारदार ड्यूक नसेल तर? वसाहतकालीन भारतात 1938 चा कायदा आला. लष्करी हालचाली, मैदानी गोळीबार आणि तोफखान्याचा सराव यांसाठी सरकार विशिष्ट भूभाग अधिसूचित करू शकत होते. त्याची सूचना गावात दवंडी पिटून आणि स्थानिक भाषेत नोटीस लावून द्यावी, धोक्याच्या क्षेत्रातून माणसे-जनावरे बाहेर काढावीत आणि नुकसानभरपाई मोजावी, असे त्यात आहे. म्हणजे शेजाऱ्याचा हक्क मान्य झाला. नकाराचा अधिकार मात्र मिळाला नाही. अहमदनगरजवळच्या के. के. रेंजचे नावच खारे कर्जुने या गावाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. तिच्या विस्ताराच्या चर्चेने राहुरी-पारनेरचे शेतकरी वारंवार अस्वस्थ झाले, यात नवल नाही.

नागरी नेमबाजीची वाट वेगळी होती. मुंबई इलाख्यातील रायफल असोसिएशन 1862 ची. तीच आजची महाराष्ट्र रायफल असोसिएशन. वरळीच्या तिच्या रेंजवर अंजली भागवत यांच्यासारखे नेमबाज घडले. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, पुढे पहिल्या लोकसभेचेही अध्यक्ष. मूळ रत्नागिरीकडचे, अहमदाबादेत स्थिरावलेले हे मराठी घराणे. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते.

1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. पिकाच्या राखणीसाठी नागरिकाला ठासणीची, म्हणजे भरमार, बंदूक मिळू शकते. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर अन्य गुळगुळीत नळीची. संरक्षणासाठी किंवा खेळासाठीही किमान वीस इंची गुळगुळीत नळीच्या बंदुकीची तरतूद आहे. परंतु निशाणाच्या सरावासाठी .22 रायफल हवी असेल, तर कायदा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याचा उल्लेख करतो. रानडुकरापुढे शेतकरी एकटा उभा राहू शकतो. चांदापुढे त्याने इतरांच्या नजरेखाली उभे राहावे, असा त्याचा अर्थ लागतो. हे बंधन जाचक वाटते खरे. तालुक्याच्या गावी असा क्लब सहसा नसतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणची वारी रोज परवडत नाही. तरीही विम्बल्डनचा अनुभव पाहता ते निराधार म्हणता येत नाही.

मारेगावसारख्या ठिकाणी पहिली चांदमारी म्हणूनच उघड्या वावरात नव्हे, तर बंद गोदामात सुरू होणे शहाणपणाचे. 10 मीटरच्या हवाई रायफलीचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा लोखंडी पेटीत अडतो. 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई बंदुकीला 2016 च्या नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि स्पर्धेतल्या रायफली त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. निशाणामागे आंधळी भिंत हवी, गोळीबाराच्या बाजूला दार-खिडकी नको, डोळ्यांवर चष्मा हवा. आवाज इतका कमी की शेजारच्या गोठ्यातला बैल कान टवकारील, दावे तोडणार नाही. आणि पहिल्या दिवसाआधी धुऱ्यापलीकडच्या घरी जाऊन वेळ सांगून यावी. 1938 च्या कायद्यातली दवंडी तेवढी उचलण्यासारखी आहे.