स्कायबोल्ट रद्द झालं तेव्हा

फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ ब्रसेल्सला गेले आणि युरोपच्या संरक्षणाचा मुख्य भार यापुढे युरोपनेच उचलावा, असं त्यांनी मित्रराष्ट्रांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर जे लेख आले, त्यांतल्या बऱ्याच लेखांचा सूर असा होता की, अमेरिकेने युरोपला असा धक्का पूर्वी कधी दिलाच नव्हता. मला मात्र हे वाचताना १९६२चा डिसेंबर आठवत राहिला. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये युरोपवर रागावलेलं कुणी नव्हतं. अध्यक्ष होते जॉन केनेडी. त्यांच्या मनात कुणाला दुखवायचं नव्हतं. तरीही त्यांच्या एका निर्णयाने एका मित्राचं सरकार पडायची वेळ आली आणि दुसरा मित्र कायमचा दुरावला. कारण होतं स्कायबोल्ट नावाचं एक क्षेपणास्त्र.

थोडं मागे जायला हवं. ब्रिटनकडे स्वतःचे अणुबॉम्ब होते, ते वाहून नेणारी व्हल्कनसारखी विमानं होती. पण सोविएत हवाई संरक्षण बळकट होत चाललं, तशी ही विमानं मॉस्कोपर्यंत पोहोचतील की नाही, अशी शंका येऊ लागली. त्यासाठी ब्रिटनने ‘ब्लू स्ट्रीक’ हे स्वतःचं क्षेपणास्त्र हाती घेतलं होतं. त्याचा खर्च वाढत गेला, शिवाय ते जमिनीवरच्या ठरावीक जागेवरून सुटणारं, म्हणजे शत्रूला आधीच ठाऊक असलेलं लक्ष्य. एप्रिल १९६०मध्ये ते गुंडाळण्यात आलं. हे धाडस पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन करू शकले, कारण आदल्याच महिन्यात कॅम्प डेव्हिडला अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना स्कायबोल्ट देऊ केलं होतं. विमानातून सोडायचं, हजार मैलांहून अधिक पल्ल्याचं हे क्षेपणास्त्र मिळालं की जुनीच विमानं आणखी काही वर्षं उपयोगी पडणार होती. त्याच भेटीत ब्रिटनने अमेरिकेच्या पाणबुड्यांसाठी स्कॉटलंडमधल्या होली लॉखची जागा द्यायची तयारी दाखवली. या दोन गोष्टी कागदावर एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. लंडनच्या मनात मात्र त्या पक्क्या जोडलेल्या होत्या. थोडक्यात, याद्या न करताच लग्न ठरलं होतं.

जानेवारी १९६१मध्ये वॉशिंग्टनमधली माणसं बदलली. नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा फोर्ड मोटर कंपनीतून आले होते. प्रत्येक शस्त्राची किंमत आणि त्याचा उपयोग यांचा हिशेब ते मांडत. जमिनीवरून सुटणारं मिनिटमन आणि पाणबुडीतून सुटणारं पोलॅरिस ही क्षेपणास्त्रं हाताशी असताना महागडं आणि चाचण्यांत सतत फसणारं स्कायबोल्ट कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. त्यामागे धोरणही होतं. अणुयुद्धाची सूत्रं एकाच हातात असावीत, मित्रांनी आपापले छोटे अणुसाठे बाळगणं धोक्याचं आहे, असं त्यांनी जून १९६२मध्ये ॲन आर्बरच्या भाषणात जाहीरपणे मांडलं होतं. नोव्हेंबर १९६२च्या पहिल्या आठवड्यात, क्यूबाचं संकट नुकतं निवळलं असताना, स्कायबोल्ट रद्द करायचं जवळजवळ निश्चित झालं. अमेरिकेच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पुढचा महिना मात्र चमत्कारिक गेला. मॅक्नामारा यांनी ब्रिटिश संरक्षणमंत्री पीटर थॉर्निक्रॉफ्ट यांना फोनवर कल्पना दिली. त्यांना वाटलं, आता ब्रिटन आपल्याला काय हवं ते सांगेल. थॉर्निक्रॉफ्ट यांना वाटलं, पर्याय घेऊन अमेरिकाच येईल. दोघंही वाट पाहत बसले. पुढे केनेडींनी या प्रकरणाचा छडा लावायला रिचर्ड न्यूस्टाड या प्राध्यापकांना नेमलं, तेव्हा त्यांच्या अहवालातून हाच परस्पर गैरसमज समोर आला. एकमेकांना आपण पुरते ओळखतो, अशी दोन्ही बाजूंची खात्री होती. त्यामुळे कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यात ५ डिसेंबरला अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांनी एका भाषणात, ब्रिटनने साम्राज्य गमावलं पण नवी भूमिका त्याला अजून सापडलेली नाही, असं म्हणून जखमेवर मीठ चोळलं. ११ तारखेला मॅक्नामारा लंडनला उतरले आणि विमानतळावरच पत्रकारांना त्यांनी सांगून टाकलं की, स्कायबोल्टच्या पाचही चाचण्या अपयशी ठरल्या आहेत. ब्रिटिश वृत्तपत्रं खवळली.

१८ डिसेंबरला बहामा बेटांवर नॅसॉ इथे केनेडी आणि मॅकमिलन भेटले. स्कायबोल्टचा उरलेला खर्च अर्धा अर्धा वाटून घेऊ, असं केनेडींनी सुचवलं. पण विकणाऱ्यानेच चारचौघांत नावं ठेवलेला माल कोण घेणार? मॅकमिलन यांनी थेट पोलॅरिस मागितलं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, अमेरिकन आईचा हा मुलगा त्या बैठकीत दोन महायुद्धांतल्या सोबतीबद्दल बोलला, आणि रिकाम्या हाती परतलो तर माझं सरकार टिकणार नाही, हेही त्याने सूचित केलं. जॉर्ज बॉल यांच्यासारख्या सल्लागारांचा विरोध असतानाही केनेडी नरमले. क्षेपणास्त्रं अमेरिकेची, पाणबुड्या आणि स्फोटकं ब्रिटनची. ती नाटोच्या कामी द्यायची, मात्र राष्ट्राचं सर्वोच्च हित पणाला लागलं तर ब्रिटन मोकळा, असा करार झाला. तो संपवून मंडळी उठली आणि दुसऱ्याच दिवशी, २२ डिसेंबरला, स्कायबोल्टची सहावी चाचणी यशस्वी झाली!

जाता जाता सांगायला हवं की, याच नॅसॉच्या भेटीत भारताला १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत द्यायचंही ठरलं. चीनच्या आक्रमणाला जेमतेम दोन महिने उलटले होते आणि आपले यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीत संरक्षणमंत्रिपदावर नुकतेच रुजू झाले होते.

या करारामुळे मॅकमिलन वाचले. पण पॅरिसमध्ये शार्ल द गॉल हे सारं बारकाईने पाहत होते. ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या वेळी केनेडींचा निरोप घेऊन अचेसनच त्यांच्याकडे गेले होते. तुम्ही मला विचारायला आलात की कळवायला, या प्रश्नावर अचेसन यांनी, कळवायला, असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. द गॉल यांनी पाठिंबा दिला, पण मुद्दा मनात नोंदवून ठेवला. आता केनेडींनी फ्रान्सलाही पोलॅरिस देऊ केलं. फ्रान्सकडे त्यासाठी ना पाणबुडी होती, ना त्यावर बसेल असं स्फोटक. १४ जानेवारी १९६३च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी ते नाकारलं आणि त्याच दमात युरोपीय सामायिक बाजारपेठेत ब्रिटनला प्रवेश देण्याविरुद्धही कौल दिला. नॅसॉ झालं नसतं तर त्यांनी ब्रिटनला आत घेतलं असतं का? मला तसं वाटत नाही. त्यांचं मन आधीच झालं होतं. नॅसॉने त्यांच्या हाती सबळ कारण दिलं, इतकंच. ब्रिटन आत गेला तो पुढे १९७३मध्ये.

मार्च १९६६मध्ये द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं आणि परदेशी तळ हलवायला सांगितलं. नाटोचं मुख्यालय पॅरिसहून बेल्जियमला गेलं. फ्रान्स त्या रचनेत परतला २००९मध्ये, तोही अणुनियोजनाच्या गटाबाहेर राहूनच.

एकाच धक्क्यातून दोन राजधान्यांनी असे दोन उलटे अर्थ काढले. अमेरिकेचं मन पुन्हा बदलू नये म्हणून लंडन तिला आणखी बिलगलं. ते बदलणारच असं धरून पॅरिसने स्वतःची शस्त्रं घडवली. मार्च २०२५मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी, फ्रेंच अणुछत्राचा आधार इतर युरोपीय देशांना देता येईल का, यावर चर्चा सुरू करू असं जाहीर केलं. जुलैमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने आपापल्या अणुदलांत समन्वय साधता येईल, असं संयुक्त निवेदनात म्हटलं. वाटाघाटींना बसताना दोघांच्या पाठीशी १९६२चा तो हिशेब आहेच. फ्रान्सच्या पाणबुड्यांवरची क्षेपणास्त्रं फ्रान्समध्येच बनतात. ब्रिटनची ट्रायडेंट अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, किंग्ज बे इथल्या दोघांच्या सामायिक साठ्यातून येतात, आणि देखभालीसाठी त्यांना तिथेच परत न्यावं लागतं.