फादर लोलानिये यांचे भातखाचर

भाताच्या खाचरात पाणी का तुंबवतात? पिकाला पाणी आवडते, हे उत्तर अर्धेच खरे. उभ्या पाण्याखाली बहुतेक तणांचे बी रुजत नाही, हे दुसरे कारण. चिखलणी, आवणाची लावणी आणि तुंबलेले पाणी ही तिन्ही तणाविरुद्धची जुनी हत्यारे होत.

फादर आंरी द लोलानिये हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू १९६१ साली मादागास्करला आले. संघात येण्यापूर्वी ते पॅरिसला शेतीशास्त्र शिकले होते. अंत्सिराबे येथे १९८३ च्या हंगामात जेमतेम पंधरा दिवसांची रोपे लावावी लागली. ती अनपेक्षितपणे जोमाने फुटली. एकेक कोवळे रोप, २५ सेंटिमीटरचे चौरस अंतर, ओलसर पण न तुंबलेले खाचर, अशी पद्धत हळूहळू आकारास आली.

पाणी काढले की तण माजणारच. त्यावर उपाय दातेरी चक्राच्या हातकोळप्याचा. लावणीनंतर दहाबारा दिवसांनी पहिली फेरी, मग तितक्याच अंतराने पुढच्या, उभ्या आणि आडव्या. चौरस लावणीमुळेच हे साधते. तण मातीत गाडले जाऊन कुजते, मुळांना हवा मिळते. बुंध्यालगतचे मात्र हातानेच उपटावे लागते. बेणणीत कंबर मोडलेल्या आपल्या आयाबहिणींना हे सांगायला नकोच!

पुढे या पद्धतीच्या उत्पन्नाच्या आकड्यांवर शास्त्रज्ञांत वाद झाले. ते रास्तच होते, असे आम्हांला वाटते. फादर १९९५ साली निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच तमिळनाडूच्या खाचरांतही ही पद्धत पोहोचली.